मोटरहोम येऊ द्या, पण आधी मोरी बांधा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत मोटरहोमने, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीने, परदेश पाहण्याविषयी अलीकडे जे लेखन प्रसिद्ध झाले, ते मी आवडीने वाचले. न्यूझीलंडचे दक्षिण बेट आम्ही उभयतांनी असेच मोटरहोममधून पाहिले असल्यामुळे त्यातली बरीच वर्णने ओळखीची वाटली, आणि त्यांत फारशी अतिशयोक्ती नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करते. मात्र या सर्व लेखनात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसली. ती अशी की, मोटरहोम म्हणजे मनाला येईल तिथे मुक्काम ठोकण्याची मोकळीक. त्याच ओघात आपल्याकडेही, विशेषतः नर्मदेच्या काठाने, अशी वाहने सुरू व्हावीत अशी सूचना करण्यात आली आहे. त्या सूचनेला माझा विरोध नाही. परंतु त्या मोकळिकीच्या मागे तिकडे जी व्यवस्था उभी आहे तिचा विचार न करता नुसते वाहन इकडे आणले, तर त्याचे परिणाम आम्हा इंदूरकरांना घरच्या नळातून भोगावे लागतील, आणि हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचा मार्ग सर्वसाधारण पर्यटकांचाच होता. क्राइस्टचर्चला गाडी ताब्यात घेतली, राज्य महामार्ग ७३ ने आर्थर्स पासचा सुमारे ९२० मीटर उंचीचा घाट ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर उतरलो, तिथून होकिटिका, फ्रान्झ जोसेफ आणि हास्ट करीत वानाका, क्वीन्सटाउन, ते आनाउ आणि मिलफर्ड साउंड गाठले, आणि परतताना पुकाकी व टेकापो ही दोन सरोवरे पाहिली. मार्च-एप्रिल हा तिकडचा पानगळीचा काळ. गर्दी ओसरलेली असते आणि थंडी अजून सोसण्याजोगी असते. वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात. गाडी बहुतेक वेळ मीच चालवली, कारण यजमानांना घाटात पाठीचा त्रास होतो. पश्चिम किनाऱ्यावर एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल पुष्कळ आहेत, आणि पुलाआधीच्या पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान व लाल असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचे, हा नियम सगळेच इतक्या निमूटपणे पाळतात की पहिल्या दिवशी आपणच गोंधळतो. होमर बोगद्यापाशी किआ जातीचे धीट पोपट थांबलेल्या गाड्यांच्या खिडक्यांचे रबर चोचीने उपटत बसतात. निसर्गाविषयी पुरवणीत भरपूर आले आहे, तेव्हा मी त्यात भर घालत नाही. जे आलेले नाही त्याकडे वळते.

मोटरहोममध्ये पलंग, दोन शेगड्या, छोटा फ्रीज, बेसिन आणि कपाटाएवढे न्हाणीघर असते, आणि त्या न्हाणीघरातच संडास असतो. गाडीच्या पोटात स्वच्छ पाण्याची एक टाकी असते, भांडी घासल्याचे व अंघोळीचे पाणी साठवणारी दुसरी टाकी असते, आणि संडासाच्या बैठकीखाली वीसेक लिटरची बंद पेटी बसवलेली असते, जिला कॅसेट म्हणतात. ही कॅसेट गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या लहान दारातून ओढून काढता येते. ती भरत आली की आत लाल दिवा लागतो. दोन माणसांच्या वापराला ती दोन, फार तर तीन दिवस पुरते, आणि मग कितीही रमणीय सरोवराकाठी तुम्ही उभे असलात तरी पुढचा मुक्काम कुठे करायचा हे तुमचे मन न ठरवता ही पेटी ठरवते.

ती रिकामी करण्याच्या जागेला तिकडे डंप स्टेशन म्हणतात. आमच्या घरच्या जुन्या मोरीची आठवण यावी असा तो काँक्रीटचा ओटा असतो: चारी बाजूंनी मध्याकडे उतार, मध्यभागी जाळी, आणि शेजारी झाकण असलेले रुंद तोंड, जे थेट गावाच्या मलवाहिनीला किंवा बंदिस्त टाकीला जोडलेले असते. गाडी अशी लावायची की सांडपाण्याची तोटी जाळीजवळ येईल. मग नळी जोडून झडप उघडायची. त्यानंतर कॅसेट. तिची मान बाहेरच्या बाजूला वळवून टोपण काढायचे, आणि मूठीजवळचे हवेचे बटण अंगठ्याने दाबून धरून सावकाश ओतायचे. बटण दाबायचे राहिले तर आतली हवा गचके देते आणि मैला अंगावर उडतो. पेटी रिकामी झाली की तिथल्याच नळाने दोनदा खळबळून धुवायची, निळे औषध आणि थोडे पाणी घालून पुन्हा जागच्या जागी सरकवायची. धुण्याच्या या नळावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी ठळक पाटी असते. पिण्याचे पाणी भरण्याचा नळ निराळा, काही अंतरावर असतो, आणि पेटी धुणारे हात किंवा नळी त्याला लागू नये एवढी काळजी प्रत्येक जण घेताना दिसतो. हे वाचून काही वाचकांना किळस येईल, आणि पुरवणीच्या रंगीत छायाचित्रांत डंप स्टेशन का दिसत नाही हेही मी समजू शकते. परंतु या ओट्याशिवाय बाकीची छायाचित्रे काढताच आली नसती.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. त्या ओट्यावर नोकर नसतो. चार पैसे हातावर ठेवून हे काम दुसऱ्याकडून करून घेण्याची सोयच नसते. रांगेत आमच्या पुढे निवृत्त वयाचे एक जोडपे असे, मागे विशी-बाविशीची मुले असत, कधी अगदी महागड्या गाडीचा मालक असे, आणि प्रत्येक जण हातमोजे चढवून आपापली पेटी स्वतः घेऊन येई. आमच्यात हे काम यजमानांनी अंगावर घेतले. सरकारी नोकरीत अधिकारपदावर आयुष्य गेलेल्या त्या गृहस्थाने पहिल्या खेपेला तोंड फिरवून ते उरकले आणि चौथ्या खेपेपर्यंत तो शेजारच्या तरुणाला बटण कसे दाबायचे ते शिकवू लागला होता.

हे सारे तिथल्या लोकांच्या रक्तातच आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. तसे असते तर कायदे करावे लागले नसते. पूर्वी तिकडेही नुसत्या गाद्या टाकलेल्या व्हॅन भाड्याने मिळत, त्यांत संडास नसे, आणि समुद्रकाठच्या झाडीत, नदीच्या पात्रात, बागांच्या कडेला जे व्हायचे ते होई. गावोगावचे रहिवासी चिडले. २०११ साली रग्बीचा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये भरायचा होता, आणि गाड्यांतून येणाऱ्या पाहुण्यांची लाट पुढे दिसत होती, तेव्हा तिथल्या संसदेने उघड्यावरच्या मुक्कामासंबंधी ‘फ्रीडम कॅम्पिंग’ कायदा त्याच वर्षी संमत केला आणि कुठे थांबता येईल, कुठे नाही, हे ठरवण्याचे अधिकार स्थानिक परिषदांना, म्हणजे आपल्या नगरपालिकांसारख्या संस्थांना, दिले. तेवढ्याने भागले नाही, म्हणून जून २०२३ पासून नवा कायदा आला. त्यानुसार परिषदेच्या जागेवर गाडीत मुक्काम करायचा असेल तर सर्वसाधारणपणे ती गाडी ‘स्वयंपूर्ण’ असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी गाडीत पक्का बसवलेला संडास हवा. उचलून ठेवायचा सुटा डबा आता चालत नाही. तीन दिवस पुरेल एवढे पाणी आणि तेवढ्याच दिवसांचे सांडपाणी साठवण्याची सोय हवी, झाकणाचा कचऱ्याचा डबा हवा. प्रमाणित गाडीला हिरवे कार्ड मिळते आणि ते दर्शनी भागात लावावे लागते. मला सर्वांत उद्बोधक वाटले ते हे की, या प्रमाणपत्रांच्या व्यवस्थेवर देखरेख करण्याचे काम पर्यटन खात्याकडे न देता नळकारागीर, गॅसजोडणी करणारे आणि गटारे बांधणारे यांच्या नियामक मंडळाकडे दिले आहे. मोटरहोम हा मुळात नळकामाचा विषय आहे, हे त्या देशाने ओळखले आहे.

बाहेरून काही आत येऊ नये आणि आतले पाणी बिघडू नये, याविषयी तो देश एकूणच फार दक्ष आहे. विमानतळावर उतरताना खाण्याच्या वस्तू जाहीर केल्या नाहीत, तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. मी पोहे, मेतकूट, शेव आणि जीरावन अशी सीलबंद पाकिटे नेली होती, ती सगळी फॉर्मवर लिहिली. अधिकाऱ्याने ती उलटीपालटी करून परत दिली, परंतु आमच्या चालण्याच्या बुटांचे तळ मात्र त्याने बारकाईने पाहिले, मातीचे कण चिकटले आहेत का म्हणून. २००४ साली दक्षिण बेटातल्या एका नदीत डिडिमो नावाचे परके शेवाळ सापडले, तेव्हापासून एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना बूट, होड्या, गळ तपासा, धुवा आणि वाळवा, अशा पाट्या नदीकाठी लागलेल्या आहेत. ज्या देशात बुटाच्या तळाला लागलेल्या ओल्या शेवाळाची एवढी चिंता केली जाते, तिथे मोटरहोमची टाकी ओढ्यात सोडणाऱ्याची गय होणार नाही, हे उघड आहे.

आता मोकळिकीविषयी. ती आहे, पण ज्या अर्थाने पुरवणीत लिहिले गेले त्या अर्थाने नाही. आमचे बहुतेक मुक्काम हॉलिडे पार्कमध्ये झाले, जिथे गाडीला वीज जोडता येते, सामाईक स्वयंपाकघर असते आणि डंप स्टेशनही असते. काही रात्री संवर्धन खात्याच्या तळांवर काढल्या. ३७२४ मीटर उंचीच्या आओराकी शिखराच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल येथे असा तळ आहे, तिथून पहाटे हिमनदीचा कडा कोसळल्याचा आवाज येतो. उघड्यावर, परिषदेने नेमून दिलेल्या जागी आम्ही क्वचितच राहिलो, आणि तिथेही किती गाड्या, किती रात्री, हे पाटीवर लिहिलेले होते. डंप स्टेशने हॉलिडे पार्कांखेरीज काही पेट्रोल पंपांवर आणि लहान गावांच्या मैदानांलगतही असतात. मोटरहोम मालकांची तिकडची संघटना ती बांधण्यासाठी परिषदांना पैशाची मदत करते. म्हणजे वापरणारे, गाव आणि सरकार अशा तिघांनी मिळून ओटे बांधले, तेव्हा कुठे पर्यटकाला आपण मोकळे आहोत असे वाटू लागले.

इकडे काय चालले आहे? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आणले. मध्य प्रदेशातही असे प्रयोग होऊन गेले आहेत, आणि खासगी भाड्याची वाहने आता इंदूरहून सहज मिळतात. न्यूझीलंडहून परतल्यावर काही महिन्यांनी आम्ही पुण्याहून आलेल्या नातलगांसाठी असेच एक वाहन घेतले, ओंकारेश्वर आणि महेश्वर करून यायचे म्हणून. वाहन कोणाचे होते ते इथे सांगण्याचे कारण नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. गाडी उत्तम होती, पडदे स्वच्छ होते, चालक सभ्य होता आणि त्याच्यासोबत एक मदतनीस मुलगा होता. परतीच्या वाटेवर, बडवाहच्या अलीकडे, चालकाने चहाचे निमित्त करून गाडी एका नाल्याच्या पुलालगत उभी केली. मी पाय मोकळे करायला मागच्या बाजूला गेले, तर तो मुलगा गाडीखाली वाकून टाकीची झडप उघडत होता. हातात मोजे नव्हते. आधी करडे, फेसाळ पाणी आले आणि पाठोपाठ जे आले ते लिहिण्याची गरज नाही. तो सगळा लोंढा खडकांवरून नाल्यात उतरला. मी त्याला हटकले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “आंटीजी, आप ही बताइए, खाली कहाँ करें?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या रस्त्यावर तसे अधिकृत ठिकाण नाही. त्या मुलाला दोष देणे सोपे आहे. परंतु टाकी भरली की ती कुठेतरी रिकामी होणार, आणि जागा नेमून दिली नाही तर ती अंधारात, नाल्याच्या पुलाशीच रिकामी होणार, ही नळकामाची साधी गोष्ट आहे.

त्या नाल्याचे पाणी कुठे जाते, तेही लक्षात घ्यावे. तो पुढे नर्मदेला मिळतो. ओंकारेश्वर आणि बडवाहच्या खाली, मंडलेश्वरनजीक जलूद येथे नर्मदेचे पाणी उचलून, विंध्याचा चढ चढवून, सुमारे ७० किलोमीटर दूर इंदूरला आणले जाते. १९७८ साली हे पाणी शहरात आले. त्या आधीची टंचाई आणि नर्मदेचे पाणी मिळवण्यासाठी झालेले जनआंदोलन माझ्या पिढीच्या इंदूरकरांना चांगले आठवते. जलशुद्धीकरण होते हे मला माहीत आहे, आणि एका गाडीच्या टाकीने नर्मदा बिघडणार नाही हेही कळते. परंतु पुरवणीतल्या सूचनेप्रमाणे काठाकाठाने गाड्यांची रांग उभी राहिली, तर ज्या पाण्यात ती टाकी रिकामी होईल तेच पाणी आमच्या माठात येणार आहे. आधीच इंदूरची कान्ह नदी आपले सांडपाणी क्षिप्रेला नेऊन पोचवते म्हणून उज्जैनकर आमच्यावर रागावलेले असतात, आणि त्यांचा राग अनाठायी नाही.

येथे काही वाचक म्हणतील की, अशी वाहने आहेतच किती? त्यांना मी महेश्वरचा घाट पाहून येण्यास सुचवीन. तिथे चित्रपटांची आणि मालिकांची चित्रणे वारंवार होत असतात, आणि त्यांच्यासोबत संडास असलेल्या व्हॅनिटी व्हॅन येतात. निवडणुकीच्या यात्रांचे रथ येतात, मोठ्या लग्नांना फिरती स्वच्छतागृहे येतात. त्यांच्या टाक्या कुठे रिकाम्या होतात, असे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. म्हणजे मोटरहोम यायच्या आधीच प्रश्न येऊन बसला आहे. मोटरहोममुळे तो वाढेल, एवढेच. शिवाय २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. त्यासाठी रस्ते, पूल, घाट यांची कामे चालू आहेत, आणि त्या काळात राहण्याच्या सोयीच्या गाड्या घेऊन येणारे भाविक आणि संस्था इंदूरमार्गेच येणार.

आणि आता थोडे कटू लिहिते. आमच्या लहानपणी जुन्या इंदुरात घरांच्या मागच्या गल्ल्यांतून मैला वाहून नेणारी माणसे येत असत. त्यांचा चेहरा आम्हा मुलांना ठाऊक नसे, कारण त्या गल्लीत आम्ही जायचे नसे. ती प्रथा गेली, आणि तिच्याविरुद्ध २०१३ चा कडक कायदाही झाला. हाताने मैला उपसण्यास त्या कायद्याने बंदी आहे. चालत्या वाहनाची टाकी रिकामी करणारा मदतनीस त्याच्या व्याख्येत बसतो की नाही, याचा खल वकिलांनी करावा. मला दिसते ते असे की, परदेशात स्वतःची पेटी निमूटपणे धुणारा आपलाच माणूस इकडे आला की त्याला ते काम करायला मुलगा लागतो. आमच्या नातलगांपैकी एकानेही प्रवासभर असे विचारले नाही की, या गाडीतला संडास साफ कोण करतो? यजमानांनी विचारले, कारण त्यांना आता त्या कामाचा वास माहीत आहे. मोटरहोम आपल्याकडे चालक आणि मदतनीस यांच्यासह भाड्याने मिळते, म्हणजे ते हॉटेलच असते, चाकांवरचे, आणि हॉटेलच्या पाहुण्याला मोरी दिसत नाही. म्हणून गाडीच्या भाड्याच्या करारातच असे कलम असावे की, कॅसेट रिकामी करण्याचे काम ज्यांनी गाडी वापरली त्यांच्यापैकी एकाने करायचे, आणि नेमून दिलेल्या ओट्यावरच करायचे. ओट्यावरची पावती दाखवली तरच अनामत परत मिळावी. काही ग्राहक त्यामुळे फिरकणार नाहीत. त्यांनी खुशाल हॉटेलात उतरावे.

ओटा बांधणे अवघड नाही, आणि इंदूरला तर मुळीच नाही. हे शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सातत्याने अग्रस्थानी आहे, घरच्या कचऱ्याची सहा प्रकारांत विभागणी करायला इथल्या गृहिणी शिकल्या, देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून इंदूरला मान मिळाला. ज्या महानगरपालिकेने हे केले तिला कबीटखेडीच्या मलशुद्धीकरण केंद्राच्या कुंपणालगत उताराचा एक काँक्रीटचा ओटा, झाकणाचे एक तोंड, धुण्याचा एक नळ आणि त्यापासून दूर पिण्याच्या पाण्याचा दुसरा नळ बांधणे जड जाणार नाही. खंडवा रस्त्यावर बडवाहला आणि नर्मदेच्या काठी मंडलेश्वर किंवा महेश्वरला एकेक झाला की हा सगळा मार्ग सांधला जाईल. अट एवढीच की, जिथे मलवाहिनी नसेल तिथली टाकी पक्की असावी आणि ती उपसण्यासाठी यंत्राची गाडी ठरलेल्या दिवशी यावी. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आता नव्या महामार्गांवर ठरावीक अंतराने पेट्रोल पंप, उपाहारगृह, स्वच्छतागृह यांची संकुले उभारते आहे. त्यांच्या आराखड्यात हा ओटा घातला तर वेगळी जागाही शोधावी लागणार नाही. आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी रेल्वेकडे पाहावे: कालपरवापर्यंत डब्यांतला मैला थेट रुळांवर पडत असे, आणि आज प्रवासी डब्यांना जैवशौचालये बसली आहेत.

वाहनांच्या नोंदणीबाबत एक सूचना जाता जाता करते. राहण्याची सोय असलेल्या वाहनाला परवाना देताना आरटीओने त्याच्या टाक्या, झडपा आणि झाकणे यांची तपासणी करावी आणि टाकीची झडप कुलपाने बंद राहील अशी सक्ती करावी. न्यूझीलंडच्या हिरव्या कार्डासारखे काही दर्शनी काचेवर लागले, तर नाल्याच्या पुलाशी थांबलेली गाडी कोणाची आहे ते गावकऱ्यांनाही कळेल.

या सगळ्यात अहिल्याबाईंचे नाव घेण्याचा मोह मी बराच वेळ टाळला, कारण इंदुरात प्रत्येक भाषणात ते येते. तरीही एवढे लिहिते की, महेश्वरहून कारभार करणाऱ्या त्या बाईंनी देशभरच्या यात्रामार्गांवर विहिरी खोदल्या, घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या; वाटसरूंना गाड्या वाटल्याचे कुठे वाचलेले नाही. पर्यटन महामंडळाने वाहने विकत घेण्याआधी हा क्रम पाहावा.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती मर्यादित आहे. मोटरहोमविषयी यापुढे जो लेख छापाल, त्यात गाडीचे भाडे, मार्ग आणि मुक्काम यांच्याबरोबर टाकी कुठे रिकामी करायची याची माहितीही लेखकाकडून मागून घ्यावी. इंदूर-ओंकारेश्वर-महेश्वर मार्गाविषयी ती माहिती कोणी लेखक देऊ शकत नसेल, तर हाच प्रश्न आपल्या प्रतिनिधीने इंदूर महानगरपालिकेला आणि पर्यटन महामंडळाला लेखी विचारावा आणि येणारे उत्तर जसेच्या तसे छापावे.

कळावे.

आपली नम्र,
एक वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर